लेणी, देवळे आणि वटवाघळे



लोणारच्या सरोवराकाठी ज्यांनी एकदा तरी फेरी मारली आहे, त्यांना हा अनुभव असेलच. झाडीतून वाट काढीत आपण एखाद्या पडक्या देवळाशी येतो. खांबांवरची नक्षी पाहत पाहत गाभाऱ्याच्या दारात वाकतो, तोच आतून उग्र दर्प येतो. पाठोपाठ डोक्यावर फडफड होते आणि चार-सहा काळ्या सावल्या कानाजवळून निघून जातात. बरोबरच्या बायकांचा पदर नाकाला लागतो, पोरे किंचाळतात, आणि बाहेर आल्यावर कोणीतरी म्हणतेच, "देऊळ किती सुंदर, पण या वटवाघळांनी पार घाण करून टाकलं!"

मी इतिहासाचा शिक्षक. विद्यार्थ्यांना घेऊन अशा ठिकाणी गेलो की बरीच वर्षे मीही हेच म्हणत आलो. देऊळ कोणत्या काळातले, बांधणी कोणती, लेख कुठे कोरला आहे, एवढे सांगून झाले की आमचे काम संपले. छताला काय लटकते आहे याच्याशी इतिहासाचा काय संबंध? पण पुढे पुढे वाटू लागले की संबंध आहे, आणि चांगला जवळचा आहे. एखाद्या वास्तूत माणूस शंभर-दोनशे वर्षे राहिला आणि त्यानंतर हजार-बाराशे वर्षे वटवाघळे राहिली, तर त्या वास्तूचा इतिहास सांगताना पहिली दोनशे वर्षे सांगावयाची आणि उरलेली गाळावयाची, हे काही खरे नव्हे. म्हणून आज आपण थोडे छताकडे पाहू या.

आधी ओळख करून घेऊ. आपल्या गावात वडा-पिंपळावर दिवसाढवळ्या उलटी टांगलेली मोठी वटवाघळे दिसतात. ती झाडावरची, फळे खाणारी. त्यांच्या नावातच वड आहे. आज ज्यांच्याविषयी बोलावयाचे ती अंधाऱ्या जागी राहणारी. डोंगरातली गुहा, कोरीव लेणे, देवळाचा गाभारा, किल्ल्याचे भुयार, जुनी बारव ही त्यांची घरे. त्यांत फळे खाणारी एक मध्यम आकाराची जात आहे, पण बहुतेक जाती लहान आणि कीटक खाणाऱ्या. आपण त्यांना पाकोळ्या म्हणतो. साऱ्या जगात वटवाघळांच्या चौदाशेंहून अधिक जाती आहेत, आपल्या देशात सव्वाशेच्या वर. त्यांतल्या सर्वांत जास्त उष्ण प्रदेशात, म्हणजे आपल्यासारख्यांच्या शेजारी, राहतात.

गोष्टीतल्या वटवाघळाला पक्षी म्हणतात "तू आमचा नव्हेस" आणि पशू म्हणतात "तू आमचाही नव्हेस". शास्त्र मात्र त्याला स्पष्ट सांगते की बाबा, तू पशूंचाच. ते पिल्लाला जन्म देते आणि दूध पाजते. ते आंधळेही नाही. १७९३-९४ च्या सुमारास इटलीत स्पालांझानी नावाच्या विद्वानाने प्रयोग करून पाहिले, तेव्हा डोळे निकामी केलेली वटवाघळे बिनधोक उडाली. पुढे कान बंद केले तेव्हा मात्र ती अडखळली. याचे कोडे दीडशे वर्षे सुटले नाही. १९३८ मध्ये अमेरिकेत डोनाल्ड ग्रिफिन या तरुण विद्यार्थ्याने आणि पियर्स या प्राध्यापकाने यंत्र लावून दाखविले की वटवाघूळ आपल्याला ऐकू न येणारा बारीक आवाज काढते आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट काढते. भर अंधारात तारेला धक्का न लावता ते उडते, ते यामुळे.

आता आपल्या इतिहासाकडे येऊ. बुलढाणा जिल्ह्यात घाटावरचा मुलूख आणि घाटाखालचा मुलूख असे आपण म्हणतो. तो घाट म्हणजे अजिंठ्याच्या डोंगराचीच रांग. याच रांगेत, आपल्या जिल्ह्याच्या हद्दीपलीकडे थोड्याच अंतरावर, वाघूर नदीच्या वळणावर अजिंठ्याची लेणी आहेत. आणि आपल्या दुसऱ्या अंगाला वाशीम आहे, म्हणजे जुने वत्सगुल्म. या वत्सगुल्माच्या वाकाटक शाखेचा राजा हरिषेण, त्याच्या काळात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, अजिंठ्याची बहुतेक मोठी लेणी कोरली गेली. सोळाव्या क्रमांकाचे लेणे त्याचा मंत्री वराहदेव याने करविले, असा तिथे लेखच आहे. म्हणजे एका बाजूला वाशीम, दुसऱ्या बाजूला अजिंठा, आणि मध्ये आपण. ही लेणी आपल्या घरचीच म्हणा ना.

भिक्षूंनी हे विहार कशासाठी खोदले? पावसाळ्याचे चार महिने एका जागी राहता यावे म्हणून. बाहेर पाऊस कोसळत असताना आत कोरडे, आणि चैत्र-वैशाखात बाहेर कातळ तापला तरी आत गार. शिवाय अंधार आणि शांतता. आता गंमत पाहा. भिक्षूंना जे हवे होते, नेमके तेच वटवाघळांनाही हवे असते. ज्या जागी वर्षभर हवा फारशी तापत नाही, फारशी गार होत नाही, वारा भणाणत नाही आणि शत्रू पोचत नाही, तिथेच ती पिल्ले वाढवितात. हरिषेणानंतर वाकाटकांचे राज्य मोडले, देणग्या आटल्या, कित्येक लेणी अर्धवटच राहिली, आणि पुढच्या काही शतकांत भिक्षूही हळूहळू निघून गेले. दिवे विझले. त्या रिकाम्या खोल्या ज्यांनी घेतल्या, ते हे नवे रहिवासी.

२८ एप्रिल १८१९ रोजी मद्रासच्या फौजेतील जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीच्या नादात या दरीत आला. "अजिंठ्याचा शोध" म्हणून शाळेत आपण ही तारीख सांगतो. खरे तर भोवतालच्या भिल्लांना आणि गुराख्यांना ती लेणी ठाऊक होतीच. शोध लागला तो बाहेरच्या जगाला. साहेबांनी दहाव्या लेण्यातील एका खांबावर आपले नाव आणि तारीख कोरून ठेवली, ती आजही दिसते.

मग पाहणारे येऊ लागले. जेम्स फर्ग्युसनने १८४३ मध्ये या लेण्यांविषयी निबंध वाचला, कंपनी सरकार जागे झाले, आणि चित्रांच्या नकला काढण्यासाठी रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याची नेमणूक झाली. गिलने १८४४ पासून पुढे बरीच वर्षे इथे काढली. त्यानंतर १८७२ पासून मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन हिवाळ्या-हिवाळ्यात इथे नकला काढीत राहिले. या साऱ्यांसमोर एक अडचण कायम उभी होती, आणि ती म्हणजे वटवाघळे.

या ठिकाणी मला वटवाघळांची वकिली करता येणार नाही. त्यांनी चित्रांचे नुकसान केले, हे खरे आहे. अजिंठ्याची चित्रे म्हणजे दगडावर माती, भुसा, तंतू यांचा लेप, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि त्यावर रंग. वटवाघळांच्या मूत्रात आणि विष्ठेत जी द्रव्ये असतात ती या नाजूक थराला खातात, डाग पाडतात आणि ओल धरतात. शतकानुशतके हे चालले. त्यामुळे जिथे चित्रे आहेत तिथून वटवाघळांना दूर ठेवलेच पाहिजे. पुढे लेण्यांच्या दारा-खिडक्यांना जाळ्या बसविल्या गेल्या, त्या योग्यच होत्या. १९८३ मध्ये अजिंठ्याचा जागतिक वारशात समावेश झाला. तो वारसा राखणे हे आपले कर्तव्य आहे.

पण हिशेब मांडावयाचा तर तो पुरता मांडावा. चित्रांवर नावे कोरली ती वटवाघळांनी नव्हे. रंग उठावदार दिसावेत म्हणून नकला करणाऱ्यांनी त्यांच्यावर रोगण चढविले, ते पुढे पिवळे पडले, त्यात धूळ बसली, आणि ते काढता काढता रसायनतज्ज्ञांची पुरेवाट झाली. गिलच्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. ग्रिफिथ्सच्या कित्येक १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत जळाल्या. तेव्हा वटवाघळाने बाराशे वर्षांत जे केले त्याचा दोष त्याला द्या, पण माणसाने शंभर वर्षांत जे केले तेही त्याच पानावर लिहा.

आणि आता खरा प्रश्न येतो. अजिंठ्याला जाळी बसली, ठीक. वेरूळ, औरंगाबाद, पितळखोरे, अशी लेणी एकेक करून स्वच्छ झाली. देवळांचे जीर्णोद्धार झाले, जुन्या विहिरी बुजल्या, वाडे पडले, भुयारांची तोंडे चिणली गेली, डोंगर गिट्टीसाठी फुटू लागले. प्रत्येक ठिकाणी कारण रास्तच असेल. पण वटवाघूळ जाईल कुठे? पाखराचे घरटे मोडले तर ते दुसऱ्या फांदीवर घरटे बांधते. वटवाघळाला घर बांधता येत नाही. ते मिळेल त्या घरात राहते. आणि त्याला लागणारे घर, योग्य उबेचे, योग्य ओलाव्याचे, पंचक्रोशीत एखादेच असते. त्यातून मादीला बहुधा वर्षाकाठी एकच पिल्लू होते. उंदराच्या जातीची एका वर्षात पन्नास होतील; वटवाघळाची वसाहत एकदा उठली तर ती पुन्हा भरायला माणसाची पिढी जाते.

आमच्या भागात म्हाताऱ्या बाया सांगतात, "घरात वटवाघूय आलं का घर उजाड होते, बापू." मी हे लहानपणापासून ऐकत आलो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे कार्य कोणते आणि कारण कोणते हे तपासावे. वत्सगुल्माचे राज्य वटवाघळांनी बुडविले नाही. लोणारची देवळे त्यांनी ओस पाडली नाहीत. माणसे आधी गेली, वटवाघळे मागून आली. घर उजाड झाल्यावर तिथे वटवाघूळ येते. वटवाघूळ आल्याने ते उजाड होत नाही. आपण कार्याला कारण समजलो आणि एका मुक्या प्राण्याच्या माथी अपशकुनाचा शिक्का मारला.

या प्राण्याची दुसरी बाजू आपल्याच मराठी मुलखाच्या कडेला घडली. बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुका. तिथे तळेवाडीजवळच्या दाट जंगलात बारापेडे नावाची गुहा आहे. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ पासून देशातील सस्तन प्राण्यांची मोठी पाहणी सुरू केली होती. त्या कामात एस. एच. प्रेटर हे तरुण गृहस्थ या गुहेत शिरले आणि त्यांना एक मोठ्या कानांचे, शेपूट मोकळे असलेले वटवाघूळ मिळाले. १९१३ मध्ये ऑल्डफिल्ड थॉमस या लंडनच्या शास्त्रज्ञाने ते नव्या जातीचे असल्याचे जाहीर केले, आणि मुंबई इलाख्याच्या जंगलखात्यात नोकरी केलेल्या रॉटन साहेबांचे नाव त्याला दिले. प्रेटर यांनी पुढे भारतीय प्राण्यांवर प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, आणि आपली राज्यघटना जिने बनविली त्या घटना समितीचेही ते सभासद होते.

पुढची अनेक दशके हे वटवाघूळ साऱ्या जगात फक्त त्या एका गुहेत माहीत होते. जरा विचार करा. एक जात, आणि तिचे एकच माहीत असलेले घर. तिथे कोणी धूर केला असता, कोणी सुरुंग लावला असता, तर एक अख्खा वंश आपल्या माहितीतून पुसला गेला असता. खूप वर्षांनी ते मेघालयातील गुहांत आणि कंबोडियातही सापडले, तेव्हा जाणकारांनी सुटकेचा श्वास टाकला. बारापेडेच्या भोवतालचे जंगल २०११ मध्ये भीमगड अभयारण्य झाले. त्या जंगलाची थोरवी सांगताना वाघ-अस्वलांबरोबर या मूठभर प्राण्याचेही नाव घेतले जाते.

कायद्याची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. आपला वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ चा. त्याच्या पाचव्या परिशिष्टात उपद्रवी प्राण्यांची यादी होती: कावळा, उंदीर, घूस, आणि त्यांच्या पंगतीला फळे खाणारी वटवाघळे. त्यांना कोणीही, केव्हाही मारावे. मात्र पुढे त्याच कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, वाघाच्या पंगतीला, दोन वटवाघळे जाऊन बसली: एक हे बारापेडेचे आणि दुसरे दक्षिणेतले, पक्षितज्ज्ञ सालिम अली यांचे नाव मिळालेले. म्हणजे एकाच कायद्यात कोणी राजा तर कोणी चोर. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, ती उपद्रवी प्राण्यांची जुनी यादीच काढून टाकण्यात आली. पन्नास वर्षांनी का होईना, वटवाघळाच्या कपाळीचा तो सरकारी शिक्का पुसला गेला. लोकांच्या मनातला पुसायचा राहिला आहे.

आता शेतकरी बंधू म्हणतील, "मास्तर, हे सगळं खरं, पण आमच्या काय कामाचं?" प्रश्न रास्त आहे. आपला जिल्हा कापसाचा, तुरीचा, हरभऱ्याचा. बोंडअळी आणि घाटेअळी यांनी आपल्याला किती रडविले आहे ते मी सांगावयास नको. ही अळी मोठी झाली की तिचा पतंग होतो आणि तो रात्री उडतो. एकेक मादी शेकड्यांनी अंडी घालते. रात्रीच्या त्या वेळी चिमणी-साळुंकी झोपलेली असते. जागी असते ती पाकोळी.

अमेरिकेत टेक्सास नावाच्या मोठ्या कापूसपट्ट्यात ब्रॅकन नावाची गुहा आहे. उन्हाळ्यात तिथे दीड-दोन कोटी वटवाघळे जमतात, आणि संध्याकाळी बाहेर पडतात तेव्हा गुहेतून धुराचा लोट निघावा तसे दिसते. दूध पाजणारी मादी एका रात्रीत आपल्या वजनाच्या दोन-तृतीयांशाइतके कीटक खाते. ती ज्या पतंगांवर तुटून पडते, ते आपल्या घाटेअळीच्या सख्ख्या बहिणीचे. त्या भागातील सुमारे दहा हजार एकर कापसाचा हिशेब २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. वटवाघळांमुळे वाचलेले पीक आणि वाचलेली फवारणी मिळून वर्षाला सुमारे ७ लाख ४१ हजार डॉलर होतात, असा तो अंदाज होता. आपल्याकडे असा आकडा काढावयाचा तर आपल्या शेतात मोजावे लागेल. तिकडचा आकडा इकडे चिकटवून चालणार नाही. पण रात्रपाळीचा हा राखणदार पगार मागत नाही, एवढे तर पटते ना?

दुसरे उदाहरण आपल्यासारख्याच उष्ण देशातले. थायलंडात रातचबुरी प्रांतात खाओ चोंग फ्रान हा डोंगर आहे. त्याच्या गुहेत लाखो वटवाघळे, आणि पायथ्याशी बौद्ध विहार. गुहेतली विष्ठा हे उत्तम खत. ती गोळा करून विकावी आणि त्यावर विहाराचा खर्च चालावा, अशी तिथली जुनी वहिवाट. पुढे चोरटे लोक जाळी लावून वटवाघळे पकडू लागले, खाणावळींना विकू लागले. वटवाघळे घटली तसे खतही घटले. तेव्हा १९८० नंतरच्या काळात, अमेरिकेतील अभ्यासक मर्लिन टटल यांच्या सल्ल्याने, विहाराने गुहेवर पहारेकरी ठेवला. चोरी थांबली, वटवाघळे वाढली, खताचे उत्पन्नही वाढले, आणि पहारेकऱ्याचा पगार त्यातूनच निघू लागला. त्या देशात हीच वटवाघळे भातावरचे तुडतुडे खातात. २०१४ मध्ये एका अभ्यासात असा अंदाज निघाला की त्यामुळे दर वर्षी सुमारे २६ हजार लोकांना पुरेल इतका तांदूळ वाचतो. अजिंठ्याच्या भिक्षूंनी सोडलेल्या खोल्यांत वटवाघळे आली. थायलंडात भिक्षू आणि वटवाघळे एकाच डोंगरात नांदतात. दोन्ही इतिहासच आहेत.

आणि त्या विष्ठेतही इतिहास साठतो, बरं का! जमैका बेटावरच्या एका गुहेत वटवाघळांच्या विष्ठेचा थरावर थर साचून कित्येक फूट जाडीचा ढीग झाला आहे. शास्त्रज्ञांनी त्यात नळी घालून थर काढले आणि ते वाचले. २०२१ मध्ये त्यांनी सांगितले की ही सुमारे ४,३०० वर्षांची नोंदवही आहे. कोणत्या काळी पाऊस कमी पडला, वटवाघळांचे खाणे केव्हा बदलले, कारखान्यांचा धूर हवेत मिसळू लागला तो केव्हापासून, हे त्यात उतरले आहे. आम्ही ताम्रपट शोधत हिंडतो, आणि ज्याला घाण म्हणून झाडून टाकतो त्यात चार हजार वर्षांची बखर असू शकते.

आता भीतीचे बोलू. २०२० च्या साथीनंतर वटवाघूळ म्हटले की लोक दचकतात. त्यातच पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतील वटवाघळांची तपासणी केली, आणि त्यांच्यात निपा विषाणूच्या खुणा आढळल्याचे २०२१ मध्ये जाहीर झाले. ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. वटवाघळांच्या अंगी काही विषाणू असतात. म्हणून वटवाघळाला हात लावू नये, मेलेले उचलू नये, त्याने चावलेले किंवा उष्टावलेले फळ खाऊ नये. चुकून चावलेच तर जखम साबण-पाण्याने धुऊन लगेच दवाखाना गाठावा. जुन्या, बंद गुहेत सुकलेल्या विष्ठेची धूळ नाकात गेल्यास फुप्फुसाचा विकार होऊ शकतो, म्हणून तिथे झाडलोट करू नये.

पण भीतीपोटी गुहाच जाळावी का? याचे उत्तर आफ्रिकेतील युगांडाने दिले आहे. तिथे किटाका नावाच्या खाणीत २००७ मध्ये मजुरांना मारबर्ग नावाचा भयंकर ताप झाला. खाणीतल्या फळखाऊ वटवाघळांत तो विषाणू निघाला. तेव्हा खाणीतली सारी वटवाघळे मारून टाकण्यात आली आणि तोंड बंद केले गेले. पण पुढे तिथे नवी वटवाघळे येऊन राहिली. २०१२ मध्ये जवळच्या भागात पुन्हा साथ आली, आणि तपासले तेव्हा नव्या वसाहतीत विषाणूचे प्रमाण पहिल्यापेक्षा दुपटीने निघाले. घर मोडून रोग गेला नाही, उलट वाढला. वटवाघळाला त्याच्या घरात राहू द्यावे आणि आपण आपल्या घरात राहावे, हीच दोघांच्या आरोग्याची वाट.

तर मग आपण करावे तरी काय? लोणारचे सरोवर आणि त्याभोवतीचे रान अभयारण्य आहे. २०२० मध्ये त्याला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांत, स्थान मिळाले. ज्ञानगंगा आणि अंबाबरवा ही अभयारण्येही आपल्याच जिल्ह्यात आहेत. तिथली गुहा-कपारी सरकारने राखावी. पण गावोगावच्या बारवा, ओस वाडे, गढ्यांची भुयारे आणि माळावरची पडकी देवळे राखणे आपल्याच हाती आहे.

जिथे चित्रे आहेत, नाजूक कोरीव काम आहे, नित्य पूजा आहे, तिथे वटवाघळांना दूर ठेवावे. मात्र ते धुराने, फटाक्यांनी, विषाने करू नये. आणि पिल्ले अंगावर असतील त्या दिवसांत तर मुळीच करू नये. त्या वेळी घाबरलेली माता उडते आणि पिल्लू जमिनीवर पडते. एका दिवसाच्या गोंधळात साऱ्या वर्षाची वीण जाते. रात्री सारी बाहेर गेल्यावर, आत पिल्ले नाहीत याची खात्री करून, मग जाळी लावावी. आणि एक दार लावले तर दुसरे उघडे ठेवावे: गावाबाहेरचे ज्या भुयारात कोणी जात नाही, ती कपार, ती कोरडी विहीर तशीच राहू द्यावी. पोरे आत पडतील ही भीती असेल तर तोंडाशी आडवे गज बसवावेत, दोन गजांत वटवाघूळ जाईल पण मूल जाणार नाही एवढीच जागा ठेवावी. माणूस अडतो आणि वटवाघूळ जाते-येते. दगड-मातीने तोंड चिणण्यापेक्षा खर्च थोडा अधिक येईल, पण कोणाचा जीव जाणार नाही.

शिक्षक बंधुभगिनींना वेगळी विनंती आहे. आपल्या गावच्या जुन्या वास्तूंची यादी आपण मुलांकडून करवून घेतोच. त्या वहीत आणखी एक रकाना घाला: इथे वटवाघळे आहेत का? दिवसा आत शिरू नका, टॉर्च मारू नका, दगड मारू नका. सूर्य मावळताना चार मुलांना घेऊन दारापासून वीस पावलांवर गुपचूप बसा आणि बाहेर पडणारी मोजा. दर महिन्याला एकाच जागी बसून मोजा. पाच वर्षांनी तुमच्या शाळेपाशी अशी नोंद असेल जी फार थोड्या गावांत सापडेल. तुम्ही इतिहास नुसता शिकविला नाही, थोडासा लिहिलाही, असे होईल.

परवाच्या सहलीत लोणारच्या एका देवळापाशी एका मुलाने मला विचारले, "सर, हे देऊळ आता कोणाचं?" दरवर्षी मी बांधणाऱ्या राजवंशाचे नाव सांगत असे. या वेळी मी जरा थांबलो. मग त्याला म्हटले, "बांधलं त्यांचं, पूजा केली त्यांचं, आज सांभाळतो आपण म्हणून आपलं, आणि वर लटकलेत त्यांचंही." मुलाने मान वर करून पाहिले, आणि पहिल्यांदाच नाकाला रुमाल न लावता तो तिथे थोडा वेळ उभा राहिला.